मुरमाखालची हळद

उचगाव,
१७ फेब्रुवारी

जितू,

जय भीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायची आपल्या घरची पद्धत. आज हात धजावला नाही, म्हणून वगळलंय. पत्र तुझ्या पुण्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण फोनवर तू माझे मेसेज वाचतोस, निळ्या खुणा उमटतात आणि पुढं सगळी सामसूम. रजिस्टर पत्र निदान सही करून घ्यावं तरी लागतं.

तू उचगावात येऊन गेलास. बंद पडलेल्या क्रोमच्या कारखान्याच्या माळावर उभा राहिलास, म्हणजे आपल्या दारातून हाक मारली तर ओ देता येईल इतक्या जवळ. आणि घरी आला नाहीस!

मी अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला गारगोटीला गेले होते. परतले तर गल्लीच्या तोंडालाच शेजारची चिमणाबाई आडवी आली. "क्रांते, तुझा भाऊ येऊन गेला की गं! कसला सायेब झालाय! बूट काय, गॉगल काय, संगट दोन माणसं यंत्रं उचलायला!" मला वाटलं जेवून गेला असशील. घरात आले तर आबा भिंतीकडं तोंड करून पडलेले. जितू आलता का विचारलं तर म्हणाले, "कामावर आलता. कामाच्या माणसाला कुठला वेळ."

बाप आहेत ते, तुझी बाजू घेणारच. मी घेणार नाही.

गल्लीनं तुझ्यासाठी काय केलं ते तुला कळलं तरी का? शाहूपुरीच्या राजवीरशेठनं ती जागा घेतली, तिथं इमारत उठणार, जुन्या कामगारांच्या घरांना त्यात खोल्या मिळणार आणि तळमजल्यावर माझी अंगणवाडी येणार, हे इथं सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण जमीन तपासायला येणारा इंजिनियर म्हणजे भाऊसोआण्णांचा प्रसेनजीत, म्हणजे तूच, हे कळल्यावर पोरं बेभान झाली. मी परतल्यावर तरुण मंडळाचा कृष्णात मला छाती फुगवून सांगत होता, "आक्का, आपलाच माणूस सायेब होऊन येतोय, आन त्येला त्या नाल्याच्या राडीत उभा करायचा व्हय? शेठला म्हटलं मुरूम पायजे. शेठनं लगेच डंपर लावलं, रोलर दिला. ढोपराएवढा थर टाकला बघा सगळ्या माळावर!" बायकांनी वर सडा घातला, रांगोळी काढली. 'उचगावचा अभिमान' म्हणून फ्लेक्स लागला, त्यावर तुझा कॉलेजातला, मिशी फुटायच्या आधीचा फोटो.

लोकांनी एवढं केलं आणि तू हार घेतलास, माती उकरलीस, गाडीत बसलास. आबांची तब्येत बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

आक्का


उचगाव,
१२ मार्च

जितू,

मागच्या पत्राला उत्तर नाही. ठीक आहे. आजचं पत्र बहिणीच्या रुसव्याचं नाही, तेव्हा नीट वाच.

तुझा अहवाल आला. कृष्णातनं मंडळाच्या कट्ट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचला. अर्धं कुणाला समजलं नाही, पण शेवटचं समजलं: जमीन निर्धोक, राहण्यास योग्य. खाली तुझी सही. फटाके वाजले. चिमणाबाईनं साखर वाटली, माझ्याही तळहातावर ठेवली. मी ती तशीच धरून उभी राहिले आणि विचार करत होते की माझ्या भावानं नेमकी कुठली माती तपासली?

कारण ज्या दिवशी तू आलास, त्या दिवशी त्या माळावर माळाची माती नव्हतीच. वर ढोपराएवढा मुरूम होता, कुठल्यातरी डोंगराचा, ताजा, कोरा. तुझं गिरमिट किती खोल गेलं? कृष्णात म्हणतो, "वीतभर गेलं असंल, तेवढ्यात सायेब बास म्हणाले." म्हणजे तू मुरूम तपासलास, जितू! पुण्याहून येऊन, यंत्रं आणून, लोकांनी तुझ्या पायाखाली अंथरलेला मुरूम पिशव्यांत भरून नेलास आणि तो स्वच्छ आहे असं लिहून दिलंस. तो स्वच्छ असणारच की!

ती जमीन कशी आहे हे मी तुला सांगायचं? उन्हाळ्यात तिच्यावर पिवळी पूड फुटायची. सगळं उचगाव तिला हळद म्हणायचं. कारखान्याच्या हौदांतलं क्रोमचं पाणी वर्षानुवर्षं त्या मातीत मुरलं, त्याचं ते फूल. बाहुला-बाहुलीच्या लग्नात आपण तीच हळद लावली. तुझ्या बोटांच्या बेचक्यांत फोड उठले, तू रात्रभर रडलास, आणि आईनं खोबरेल लावत आपल्या दोघांना चोपलं होतं.

आणि आबांचं नाक. लहानपणी ते एका नाकपुडीतून दोरा घालून दुसरीतून काढून दाखवायचे, आपण टाळ्या पिटायचो, गल्लीतली पोरं बघायला बोलवायचो. मधला पडदाच झडला होता त्यांचा, हौदाच्या वाफेनं. आपल्याला ती जादू वाटायची. तू पुढं शिकलास, त्याचं कारण तुला पुस्तकात सापडलं, आणि सुट्टीला आल्यावर तूच मला सांगितलंस.

नवी अंगणवाडी हौदांच्याच जागेवर येणार आहे. समोर पोरांना खेळायला मोकळी माती ठेवणार म्हणे. माझी पोरं अजून माती खाण्याच्या वयाची आहेत.

एवढंच लिही: चूक झाली, पुन्हा तपासतो. ह्यापेक्षा जास्त मी मागत नाही.

आक्का


उचगाव,
२ एप्रिल

श्रीयुत इंजिनियरसाहेब,

उत्तर मिळालं. ऑफिसच्या छापील कागदावर, 'महोदया' अशी सुरुवात करून! 'नमुने विहित पद्धतीनुसार घेण्यात आले असून यापुढील पत्रव्यवहार जागामालकांशी करावा.' तुझं ढुंगण मी धुतलंय रे. शाळेत नाव घालायला तुझा हात धरून मी गेले होते. मी महोदया?

जागामालकांशी पत्रव्यवहार कशाला, थेट शाहूपुरीत जाऊन त्यांच्या ऑफिसात बसले. राजवीरशेठ गोड माणूस. चहा मागवला, ताई-ताई केलं. "ताई, मुरूम मी टाकला न्हाय, तुमच्या गल्लीनं मागितला. इंजिनियर मी ठरवला खरा, पण भाऊ तुमचाच हाय न्हवं? मग मला काय विचारताय?" माणूस वाईट वागला की भांडता येतं. हा नुसता गप्प बसलाय आणि आपल्या लोकांच्या भाबडेपणावर त्याची इमारत उभी राहतेय.

गल्लीत बोलले तर तिथं उलटीच तऱ्हा. चिमणाबाईनं मला चारचौघांत धुतलं. तिचे मालक बाळासो आपल्या आबांबरोबर त्याच हौदावर होते, खोकून खोकून गेले, ती पत्र्याच्या खोलीत राहते, तिला पक्क्या घराची आस असणारच. "जमीन चांगली हाय म्हणून आपल्या पोरानं लिवून दिलंय. परक्यानं लिवलं असतं तर मी बी इस्वास ठेवला नसता. तुला भावाचं बरं बगवत न्हाय व्हय गं?" ऐकलंस? ते सरकारवर विश्वास ठेवत नाहीत, शेठवर ठेवत नाहीत. तुझ्यावर ठेवतात. तू आपला आहेस म्हणून त्यांनी मुरूम टाकला, आणि तू आपला आहेस म्हणूनच आता ते त्यावर झोपायला निघालेत.

भूमिपूजन जवळ आलंय. धूळ बसावी म्हणून पोरं रोज टँकरनं मुरमावर पाणी मारतात. परवा नाल्याच्या कडेला, जिथं मुरूम पातळ आहे, तिथं मी बघितलं. पाणी वाळलं होतं आणि वर हळद फुटली होती. मी चिमणाबाईला हाताला धरून नेलं, दाखवलं. तिनं काय करावं? घरातून खराटा आणला, झाडून काढलं, वर दोन घमेली मुरूम टाकला आणि म्हणाली, "कुठं हाय हळद?"

मी हसले की रडले ते आठवत नाही.

आणखी एक गोष्ट. पहिल्या पत्रात लिहिली नव्हती, कारण आबांनी शपथ घातली होती. तू यायच्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले. तिथून माळ दिसतो. मुरूम पडताना त्यांनी बघितला होता. मी नंतर विचारलं, आबा, मग कृष्णातला थांबवलं का नाही? जितूला निरोप का नाही धाडला, की बाबा, खाली दुसरंच आहे? तर म्हणाले, "त्येला काय सांगायचं? त्यो त्या हळदीत खेळल्याला पोरगा हाय. आला की पयल्यांदा म्हणंल, ह्यो मुरूम काढा."

संध्याकाळपर्यंत ते वाट बघत होते, तू काढा म्हणशील म्हणून. घरी येशील म्हणून नव्हे. ती आशा त्यांनी तुझ्या साखरपुड्यातच सोडली, जेव्हा तू सासऱ्याला सांगितलंस की वडील कारखान्यात सुपरवायझर होते, आणि ते मागंच उभे होते.

क्रांती भाऊसो


उचगाव,
१४ एप्रिल

जितू,

आज जयंती. लहानपणी निळा झेंडा धरायला तू किती भांडायचास! संध्याकाळी मिरवणूक आहे, बाहेर पोरं गाड्या सजवतायत, आणि मी आत बसून तुला लिहितेय. रागाचा पारा इतका चढलाय की अक्षर वेडंवाकडं येतंय, समजून घे.

काल दुपारी अंगणवाडी सुटल्यावर चार-पाच मुली माळावर खेळायला गेल्या. नाल्याच्या कडेला पुन्हा हळद फुटली होती. पोरींनी लग्न मांडलं. चिमणाबाईची नात स्वप्नाली नवरी झाली, म्हणून तिला सगळ्यात जास्त लावली: हाताला, गालाला, पायाला. मला कळलं तेव्हा मी स्वयंपाक टाकून धावले. एकेकीला नळाखाली धरून धुतलं, खसाखसा धुतलं. बाकीच्या वाचल्या. स्वप्नालीच्या कोपराला आधीच खरचटलेलं होतं, तिथं आज सकाळी कातडी भाजल्यासारखी झालीय. दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, कशानं झालं? चिमणाबाईनं पोरीच्या तोंडावरनं पदर फिरवला. मग मीच सांगितलं. ते म्हणाले, जखम भरेल, पण पुन्हा तिकडं सोडू नका.

पाच वर्षांची आहे रे ती. मला विचारत होती, "बाई, हळद लावल्यावर दुखतं?"

मी काय उत्तर देऊ? तू दे. विहित पद्धतीनुसार दे.

दवाखान्यातून येताना चिमणाबाई वाटेत एका जागी थांबली. मला वाटलं दम लागला. ती म्हणाली, "क्रांते, मी झाडून काढली होती गं." घराजवळ आल्यावर म्हणाली, "कुठं लिवून द्यायचं असतं ते दे. माझं नाव घाल. घर न्हाय मिळालं तर न्हाय, पत्र्यात आजवर मी काय मेलो न्हाय."

आता ऐक. मी तक्रार देणार आहे. जमीन खालपर्यंत खणून, नाल्याचं आणि जुन्या विहिरीचं पाणी घेऊन पुन्हा तपासा, आणि विष काढल्याशिवाय वर वीट ठेवू नका, असं लिहिणार. चुकीचा अहवाल कुणी दिला, तेही लिहावं लागणार. तुला आधी कळवतेय, ते तू भाऊ आहेस म्हणून. महिनाअखेरपर्यंत थांबते. तू स्वतःहून अहवाल मागं घेतलास तर तुझं नाव मी कुठंच लिहिणार नाही, आणि हे पत्र तू फाडून टाक.

आक्का


उचगाव,
६ मे

जितू,

मागचं पत्र पोचलं त्या रात्री तुझा फोन आला. एवढ्या वर्षांनी 'आक्का' म्हणालास आणि मला क्षणभर सगळं विसरायला झालं. मी तुला फोनवर नीट बोलले नाही, नुसतं ऐकून घेतलं. म्हणून आता लिहिते.

तू म्हणालास, "आक्का, गाडीतनं उतरल्या उतरल्या मला कळलं होतं. पण सगळी गल्ली हार घेऊन उभी होती. कृष्णात रडत होता. चिमणामावशीनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला. त्यांना ह्यो मुरूम खरवडा कसं म्हणू? जीभच उचलली नाही. आणि मग आबांसमोर यायचं तोंड राहिलं नाही."

हे मला समजलं. खरंच समजलं. मी तिथं असते तर माझीही जीभ कदाचित अडकली असती. आपल्या माणसांचा मान मोडणं सोपं नसतं. पण जितू, तू पुण्याला गेलास. महिनाभर तो अहवाल तुझ्या टेबलावर होता. सही करताना तुझ्यासमोर कोण हार घेऊन उभं होतं?

फोन ठेवताना तू म्हणालास, थोडं थांब, आत्ता काही केलंस तर माझं लायसन जाईल, पुढची कामं जातील, शेठशी बोलून मी काहीतरी मधला मार्ग काढतो. मी महिना संपेपर्यंत थांबले. मधला मार्ग एवढाच निघाला की कडेला आणखी दोन डंपर मुरूम पडला.

तेव्हा काल प्रदूषणाच्या सरकारी ऑफिसात तक्रार दिली. मी, चिमणाबाई आणि गल्लीतल्या बायका टेंपोनं गेलो. कृष्णातनं टेंपो काढला. आधी तो बोलतच नव्हता माझ्याशी. फ्लेक्स त्यानं स्वतःच्या हातानं उतरवला, फाडला मात्र नाही, गुंडाळून मंडळात ठेवलाय.

आबा येणार नव्हते. मी त्यांना सांगितलंच नव्हतं, सांगवेना. टेंपो सुरू झाला तर बघते, तोच इस्त्रीचा सदरा घालून काठी टेकत येतायत. म्हणाले, "माझी सही पयली पायजे. त्या हौदावर मी राबलोय, बाकीच्यांनी नुसतं ऐकलंय."

मी म्हटलं, आबा, ह्यात जितूचं नाव आहे. म्हणाले, "ठावं हाय. म्हणूनच पयली."

ऑफिसातला माणूस चांगला होता. कागद वाचता वाचता थांबला, दोन्हीकडचं आडनाव बघितलं आणि विचारलं, "आजोबा, हा इंजिनियर तुमचा कोण लागतो?"

"पोरगा."

त्यानं कागद हळूच बाजूला सारला. "मग तुम्ही कशाला सही करताय? बाकीच्यांच्या आहेत की. पुरेशा आहेत."

आबांनी कागद पुन्हा पुढं ओढला. म्हणाले, "पावणं, परका असता तर सोडला असता."

सही करायला त्यांना वेळ लागला. मधे दोनदा थांबले.

भूमिपूजन थांबलंय. पुन्हा तपासणीची तारीख तुला ऑफिसकडून येईल, जागेवर हजर राहावं लागेल असं ते म्हणाले. चिमणाबाई आणि बायकांनी आधीच खोरी काढून ठेवलीत. तिथं तू काय बोलशील ते तुझं तू ठरव, मी शिकवणार नाही. पण माळावर जायच्या आधी गाडी आपल्या दारात थांबव. आबा खुर्ची टाकून बसलेले असतील. त्यांना तू काही सांगू नकोस, माफीबिफी मागू नकोस, त्यांना ते झेपणार नाही. नुसतं त्यांना हाताला धरून संगट ने, आणि लोक विचारतील तेव्हा सगळ्यांसमोर सांग की हे माझे वडील, ह्यांनी ह्याच हौदावर काम केलं.

आक्का